झाडाभोवती, खाली बसून : बाग्वाच्या चालीच्या नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

ऑफिसात प्रत्येक कामाची वही ठेवतो, मग पहाटे उठून जे करतो त्याचीच का नको? आजपासून सुरू.

काम: बाग्वाचांगची गोल चाल सध्या ज्या उंचीवर चालतो त्याहून खालून चालायची. मुदत जूनअखेर. जुलैत कंपनी बीजिंगहून पुण्याला परत बोलावणार हे जवळपास नक्की, आणि शीफू (म्हणजे शिकवणारे गुरुजी) पुण्यात मिळणार नाहीत.

दादा म्हणाला वाचेन, म्हणून त्याच्यासाठी थोडं. बाग्वाचांग ही उत्तर चीनमधली लढाईची कला. थायची आणि शिंगयीबरोबर तिला 'आतल्या' कलांमध्ये धरतात. तिचा पाया म्हणजे गोलात चालणं. हात एका ठरावीक ठेवणीत, नजर गोलाच्या मध्यावर, गुडघे वाकलेले, आणि चालत राहायचं. मग दिशा बदलायची आणि पुन्हा चालायचं. बघणाऱ्याला वाटतं म्हातारी माणसं झाडाला प्रदक्षिणा घालतायत.

किती खाली बसून चालायचं याच्या तीन पायऱ्या आहेत: शांगपान, चुंगपान, शियापान. वरचं, मधलं, खालचं पान. चिनीत ह्या 'पान'चा अर्थ थाळी किंवा तबक (उच्चार 'फान'कडे झुकतो, पण मी पानच म्हणतो, आपल्याकडेही पान वाढतातच की). खालच्या पानात मांडी जमिनीला जवळजवळ समांतर. मी मधल्या पानाच्याही वरच्या कडेला आहे.

मोजमाप: उंची १७२ सेंमी, वजन ७४ किलो, वय ४१. सरळ उभा असताना कमरेचा पट्टा जमिनीपासून ९८ सेंमीवर, चालताना ८६ वर. म्हणजे उतार १२ सेंमी. लक्ष्य दुप्पट, २४ सेंमी. कागदावर हिशेब केला, त्या उंचीला गुडघ्यात साधारण काटकोन होतो.

साहित्य: ९० सेंमी सुतळी, खडू, फोन, छोटा तिपाया. टोपीला पांढरी चिकटपट्टी, डोकं किती वरखाली होतं ते व्हिडिओत मोजायला.

५ मार्च

सकाळी उणे दोन. थ्येनथानच्या, म्हणजे स्वर्गमंदिराच्या, बागेत सव्वासहाला पोचलो. देवळाच्या आवारात साडेतीन हजारांहून जास्त जुनी सुरूची झाडं आहेत. खरे म्हातारे वृक्ष कुंपणात असल्यामुळे आपल्या वाट्याला तरणं झाड येतं. आमच्या झाडाभोवती वर्षानुवर्षांच्या पावलांनी गोल पट्टा पडलाय, तिथे गवताचं नावही नाही.

सुतळीनं गोल आखला. त्रिज्या ९० सेंमी, परीघ ५.६५ मीटर. आठ पावलांत फेरा, म्हणजे पाऊल ७० सेंमीचं. आठ पावलांचा गोल ही जुनी पद्धत.

चालीचं नाव थांग-नी-बू. 'थांग' म्हणजे पाण्याचिखलातून रेटत जाणं, 'नी' म्हणजे चिखल, 'बू' म्हणजे पाऊल. पाऊल सपाट उचलायचं, जमिनीला जवळजवळ घासत पुढे न्यायचं, सपाटच टेकवायचं. टाच आधी नाही, चवडा आधी नाही. पाय पुढे जाताना दोन्ही घोटे एकमेकांना चाटून गेले पाहिजेत. आतला पाय सरळ पडतो, बाहेरचा किंचित आत वळून. त्या आत वळण्याला खौ-बू म्हणतात. दिशा बदलताना पाऊल बाहेर उघडतं, ते बाय-बू. पायांची एवढीच बाराखडी. बाकी सगळी जोडाक्षरं.

डोक्याचा वरखाली झोल आज ५.५ सेंमी. नापास.

९ मार्च

मेट्रोचा जिना उतरताना कठडा धरला. मांड्या दगड. मागून येणाऱ्या शाळकरी मुलीनं वाट सोडून दिली.

१६ मार्च

शीफू सत्तरीच्या पुढचे. आयुष्य एका कारखान्यात लेथवर गेलं. शिकवताना फार बघत नाहीत. थर्मासचं झाकण उघडून पाठ करून चहा ओततात आणि ऐकतात. आज मी सलग चाळीस फेरे चाललो आणि त्यांनी एकदाही वळून न पाहता सांगितलं, "उजवा पाय पडतोय. डावा ठेवतोयस."

व्हिडिओ आवाजासकट पुन्हा ऐकला. खरंच. डाव्याचा आवाज 'सर्र', उजव्याचा 'सर्र-थप'. शेवटच्या दोन इंचांत उजवा पाय माझ्या ताब्यात नसतो, तो नुसता कोसळतो. शीफूंच्या कापडी जोड्याचा आवाज मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, कोणी घराचं अंगण झाडतंय तसा.

आमच्यात एक बाई येतात, साठीच्या, हूनान प्रांताकडच्या. वयानं मोठ्या बाईला इथे 'आयी' म्हणतात. सहा महिने झाले तरी त्यांना हाक मारली की मला चिपळूणच्या स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं होतं. आयी फक्त वरच्या पानात चालतात, अगदी ताठ, आणि त्यांचा झोल मोजला तर दोन सेंमीसुद्धा भरणार नाही.

२४ मार्च

उतार १७ सेंमी! तीन आठवड्यांत पाच सेंमी. फोटो काढला, दादाला पाठवला, त्यानं अंगठा दाखवला.

मग झोल मोजला: ८ सेंमी. म्हणजे खाली गेलोय, पण प्रत्येक पावलाला उसळी मारून पुन्हा खाली पडतोय. शीफूंना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा पाहिला.

"खाली कोण गेलंय?" त्यांनी विचारलं.

"मी."

"ढुंगण गेलंय. क्वा उभाच आहे."

क्वा म्हणजे खुब्यापुढची, जांघेची घडी. खुर्चीत बसताना जिथे अंग दुमडतं ती जागा. माझी ती घडी उघडत-मिटत नाही, म्हणून मी सगळं वाकणं गुडघ्यात आणि कमरेच्या मणक्यात उरकतो. पाठीला पोक, पार्श्वभाग मागे, गुडघा पायाच्या अंगठ्याच्या पुढे. व्हिडिओ बाजूनं पाहिला की मी पाण्याच्या टाकीखाली वाकून काहीतरी शोधणारा माणूस दिसतो.

३० मार्च

उजव्या गुडघ्याची आतली बाजू दुखतेय. चालताना नाही, खुर्चीतून उठताना. थांबलो.

२ एप्रिल

पुण्याच्या ताईशी, म्हणजे मावसबहिणीशी, व्हिडिओ कॉल. ती फिजिओथेरपिस्ट. तिला चालून दाखवलं. हॉलमध्ये जागा कमी, म्हणून जेवणाच्या टेबलाभोवती.

"अरे, थांब थांब, किती छोटा गोल आहे हा!" हे तिचं पहिलं वाक्य. मी किती खाली बसतो याबद्दल ती बोललीच नाही.

तिनं समजावलं ते असं. सपाट चालताना गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या निम्म्याएवढा दाब येतो. जिना चढताना तिपटीहून थोडा जास्त. पूर्ण उठाबशीत सातपट किंवा त्याहून पुढे. दाब सोसायची सवय हळूहळू लागते, त्यात भिण्यासारखं काही नाही. पिळाचं मात्र वेगळं. खुबा म्हणजे उखळीतला गोळा, तो सगळीकडे फिरतो. गुडघा ही मुख्यतः बिजागरी. पाऊल जमिनीवर रोवलंय, वर वजन आहे, आणि खुबा वळला नाही, तर उरलेलं वळण बिजागरीतून वसूल होतं.

मग मी हिशेब मांडला. आठ पावलांत ३६० अंश, म्हणजे पावलाला सरासरी ४५. त्यातला मोठा वाटा बाहेरच्या पायाच्या खौ-बूवर. मी जास्त करून झाड डावीकडे ठेवून चालतो, म्हणजे बाहेरचा पाय उजवा. दुखतो तोही उजवा. महिनाभर मी उताराचे सेंटिमीटर मोजत बसलो आणि अंशांचा हिशेब एकदाही केला नाही.

४ एप्रिल, छिंगमिंगची सुट्टी

छिंगमिंग म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायचा दिवस. शीफू दोघातिघांना घेऊन दोंग हायछ्वानच्या थडग्यावर जाणार होते, मलाही म्हणाले चल. चालायचं नव्हतंच, म्हणून गेलो.

पश्चिमेच्या टेकड्यांच्या पायथ्याला वानआन नावाची दफनभूमी, ट्रामचं स्टेशनही त्याच नावाचं. सार्वजनिक स्मशान म्हणून ती १९३० पासून आहे. लोकांच्या हातात फुलं, झाडू, पाण्याच्या बाटल्या.

दोंग हायछ्वान हपेइ प्रांतातल्या वनआन तालुक्याचा (हे वेगळं वनआन, मी आधी घोळ घातला). बीजिंगमध्ये एका राजपुत्राच्या वाड्यावर चाकरीला होता, १८८२ मध्ये वारला. बाग्वाचा लेखी इतिहास त्याच्यापासून सुरू होतो. थडगं आधी शहराच्या पूर्वेला होतं, सांस्कृतिक क्रांतीत गाडलं गेलं; १९८० च्या सुमारास शिळा खणून काढल्या आणि १९८१ मध्ये सगळं इथे आणलं. शिळांवर शिष्यांची नावं कोरलेली आहेत. शीफू बोट फिरवत आपल्या शाखेचं नाव शोधतात, तसं ते दर वर्षी शोधत असावेत.

त्यांची शाखा चेंग थिंगह्वाची. त्याचं चष्म्याचं दुकान छोंगवनमन वेशीच्या बाहेर, म्हणजे आमच्या बागेपासून उत्तरेला चालत जाण्याच्या अंतरावर. लोक त्याला 'चष्मेवाला चेंग' म्हणत. दोंगकडे येण्याआधी तो कुस्तीगीर होता. दुसरा मोठा शिष्य यिन फू, त्याचीही आधीच दुसऱ्या कलेत तयारी झालेली. परतताना ट्राममध्ये हे डोक्यात घोळत होतं. दोंगनं ही चाल ज्यांना शिकवली त्यांचे पाय आधीच तयार होते. कुस्तीच्या मातीतून आलेल्या माणसाला 'अजून खाली' म्हणणं वेगळं. मी आलोय ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीतून.

चेंग १९०० मध्ये मारला गेला. आठ देशांच्या फौजा शहरात घुसल्या होत्या, तेव्हा जर्मन शिपायांच्या गोळ्यांनी, असं त्याच्या परंपरेत सांगतात. त्या आठांत ब्रिटिशांबरोबर हिंदी पलटणीही होत्या आणि त्यांचा तळ थ्येनथानच्या आवारातच पडला होता. शीफूंना हे माहीत आहे. मी कुठला हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मग म्हणाले होते, "बूट काढ, कापडी जोडे आण."

७ एप्रिल

रविवार असून ऑफिस. सुट्टीचा दिवस इथे असा भरून काढतात. जेवणाच्या सुट्टीत काम पुन्हा लिहिलं.

उताराचं लक्ष्य रद्द नाही, बाजूला ठेवलंय. पहिल्या ओळीत आता तीन गोष्टी: गोल मोठा करणे. वर येणे. क्वा शोधणे.

१३ एप्रिल

नवी सुतळी १ मीटर ३४ सेंमी. पाऊल तेवढंच, आता फेऱ्याला बारा पावलं, पावलाला ३० अंश. उतार मुद्दाम ९ सेंमीवर आणलाय. शीफूंना सांगायला घाबरत होतो की जुना आठ पावलांचा गोल सोडतोय. ते म्हणाले, "हं." नंतर आयींनी सांगितलं की नवख्याला ते मोठ्याच गोलात घालतात, मी पहिल्या दिवशी स्वतःची सुतळी घेऊन आलो, म्हणून बोलले नाहीत.

बोलायला काय झालं होतं? सहा महिने! पण हे त्यांना कोण म्हणणार.

२१ एप्रिल

पॉपलर आणि विलोचा कापूस उडतोय. नाकात, डोळ्यांत, चहात. जमिनीवर पांढरा थर बसतो आणि पाऊल घासत नेलं की पायापुढे त्याची गादी जमते. त्यातून एक शिकलो: पाऊल उचललं गेलं तर गादी मागे राहते. खौ-बूला ती प्रत्येक वेळी मागे राहते, म्हणजे वळताना मी पाय उचलतो. सर्दीनं बेजार आहे.

गुडघा: उठताना दुखणं जवळजवळ गेलं.

४ मे

महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर.

शीफूंनी गोल सोडायला लावला. सरळ रेषेत, एक पाऊल टाकायचं आणि त्यातच राहायचं. मागच्या पायावर सगळं वजन, पुढचा पाय घासत पुढे, आणि तो टेकला तरी वजन तिकडे जाऊ द्यायचं नाही. पाऊल रिकामं पडलं पाहिजे. ते रिकामं आहे की नाही हे तपासायची त्यांची रीत म्हणजे टाळी. पाय पुढे जात असताना ते कधीही टाळी वाजवतात आणि पाय त्याच वाटेनं मागे यायला हवा. अंग न हलवता. मांजरानं पंजा काढून घ्यावा तसा.

पहिल्या टाळीला मी पुढे पडलो. दुसऱ्या टाळीला मागे. मग कळलं की आजवर मी चालत नव्हतो, प्रत्येक पावलाला थोडा थोडा पुढे पडत होतो आणि पुढचा पाय मला झेलत होता. उजव्या पायाचं ते 'थप' म्हणजे झेलल्याचा आवाज. ८ सेंमीचा झोलही तिथलाच. जेवढा खाली, तेवढा मागचा पाय लवकर दमतो, तेवढं हे पडणं मोठं.

मागच्या पायावर राहायचं तर बसावं लागतं. गुडघ्यात नाही, तिथे बसलं की पुढेच कलतं. जांघेच्या घडीत, जणू मागे उंच स्टूल आहे आणि त्याच्या कडेवर टेकायचंय. शीफूंनी दोन बोटं माझ्या घडीत ठेवली आणि म्हणाले, "चावून धर." विसाव्या-पंचविसाव्या पावलाला एकदा बोटं चावली गेली असावीत, कारण त्यांनी ती काढून घेतली आणि चहा प्यायला गेले.

५ मे

टाळीची परीक्षा आता माझ्या वहीचा मुख्य आकडा. आयी टाळ्या वाजवायला तयार झाल्या. प्रत्येक उतारावर दहा टाळ्या.

उतार ९ सेंमी: दहापैकी नऊ वेळा पाय परत आला. १२ सेंमी: सहा. १५ सेंमी: दोन. १७ सेंमी: एकदाही नाही, आणि चौथ्या टाळीला बसलोच खाली. आयी इतक्या हसल्या की पुढच्या सहा टाळ्या वाजल्याच नाहीत.

म्हणजे २४ मार्चला मी मिरवलेले १७ सेंमी माझे नव्हतेच. माझे साडेदहा-अकरा.

११ मे, १२ मे, १८ मे

तेच. रेषेत तीस मिनिटं, गोलात दहा. लिहिण्यासारखं काही नाही. मांड्यांच्या पुढच्या बाजूऐवजी आता पार्श्वभाग दुखतो. ताई म्हणाली, दुखू दे, बरोबर ठिकाणी दुखतंय.

१९ मे

आज एक तरुण आला, शांघायकडचा. छान खाली बसून चालत होता, मांडी जवळपास आडवी. दोघंतिघं थांबून बघू लागले. शीफूंनी टाळी वाजवली नाही, तो काही त्यांचा शिष्य नाही. पण तो गेल्यावर त्यांनी थर्मास बाकावर ठेवला, पँटचे पाय दोनदा वर दुमडले आणि आमच्या पट्ट्यावर उभे राहिले.

मी त्यांना शियापानात कधी पाहिलं नव्हतं. ते वाकलेसे वाटलेच नाहीत. जमीन वर आली असं वाटलं. पाठ तशीच, मान तशीच, नुसते खाली. दोन फेरे, सोळा पावलं. आवाज तोच, अंगण झाडल्याचा. दुसऱ्या फेऱ्यात मध्येच आयींनी टाळी वाजवली. (मला कधीच धीर झाला नसता.) पुढे निघालेला पाय होता तिथून मागे आला, घोट्याला चाटून थांबला, आणि मग पुन्हा पुढे गेला. डोक्यावरची टोपी हलली नाही.

मग ते वर आले, बाकावर बसले, आणि बराच वेळ उजवा गुडघा चोळत राहिले. "तिशीत रोज चालायचो," म्हणाले. "वर्षातून एकदा पुरे आता."

२६ मे

रात्री धो धो पाऊस. पट्टा चिखलाचा. इतरांनी फरशीवर सराव केला, मी मुद्दाम चिखलात.

पहिली गोष्ट ठसे. गोल फिरून आलो आणि वाकून पाहिलं. डावा ठसा सगळीकडे सारखा खोल. उजव्याच्या बाहेरच्या कडेला खोल रेघ आणि अंगठ्याखाली जवळजवळ कोरं. म्हणजे खौ-बूला पाऊल सपाट टेकत नाही, आधी करंगळीची कड टेकते. हे व्हिडिओत कधी दिसलं नसतं.

दुसरी गोष्ट वाद. मी शीफूंना म्हटलं, नावात चिखल आहे, पण खऱ्या चिखलात असं कोणी चालत नाही. कोकणातला आहे मी. चिखलणी केलेल्या खाचरात पाय सपाट उचलायला गेलात की चिखल खालून धरतो, निसटता निसटत नाही. आम्ही टाच आधी सोडवतो, हवा आत शिरली की पाय तिरका करून ओढून घेतो. करून दाखवलं. जोडा चिखलात राहिला, पाय बाहेर आला, म्हणजे मुद्दा सिद्ध झाला.

शीफू हपेइचे, गहू-मक्याच्या कोरड्या गावातले. ते गप्प. पण आयी पुढे सरसावल्या. पोरवयात हूनानमध्ये भात लावलाय त्यांनी. "बरोबर सांगतोय तो. टाचच आधी. आणि आम्ही तर पुढे चालतच नव्हतो, मागे मागे जात होतो." आमच्याकडेही तसंच! रोपं रोवत मागे मागे सरकायचं, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. दोन भातखाऊ एका गव्हाच्या माणसाविरुद्ध. पाच मिनिटं आम्हीच बोलत होतो.

शीफूंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी माझी नडगी पंजानं धरली आणि म्हणाले, चल. पाय पुढे न्यायला लागलो तर ते तेवढ्याच जोरानं मागे रेटत होते. "चिखल तळव्याखाली नाही. इथे आहे, नडगीपुढे." उचलायचा नाही, रेटायचा. नडगीपुढे गुडघाभर चिखल असला की माणूस पुढे पडूच शकत नाही. चिखलच त्याला टाळी वाजवून मागे धरतो. 'थांग' ह्या शब्दाचा अर्थ पहिल्या आठवड्यात लिहिला होता, पायाला कळला आज.

घरी येताना आणखी एक डोक्यात आलं. लावणीला आई दिवसभर वाकलेली असायची. गुडघे जवळजवळ सरळ, पाठ सरळ, सगळी घडी जांघेत. शीफूंची दोन बोटं तिच्या घडीत ठेवली असती तर निघालीच नसती.

८ जून

३६ अंश. साडेपाचपासून फाटकाबाहेर लोक उभे. वीस मिनिटं, मग बास.

१५ जून

शेवटचं मोजमाप, कारण पुढचे दोन आठवडे सामानाच्या खोक्यांत जाणार.

उतार १४ सेंमी. सुरुवातीपेक्षा दोन जास्त, लक्ष्यापेक्षा दहा कमी. डोक्याचा झोल २.५ सेंमी. टाळी: ९ सेंमीला दहापैकी दहा, १२ ला नऊ, १४ ला सात, १७ ला तीन. गोल बारा पावलांचाच. आठवर परत गेलो नाही. गुडघा शांत.

ऑफिसच्या वहीत ह्या कामापुढे 'अपूर्ण' असा शेरा पडला असता आणि मुदतवाढीचा अर्ज जोडावा लागला असता.

शीफूंना आकडे दाखवले. त्यांना आकड्यांत रस नाही, पण लेथवरचा माणूस, सेंटिमीटरला दशांश चिन्ह पाहून खूश झाले.

२१ जून

वटपौर्णिमा. आईचा फोन, वडाला सात फेरे घालून आली होती, दमली होती. मला म्हणाली, तुझ्या झाडाचं काय? कालचा व्हिडिओ पाठवला. दोन मिनिटांनी परत फोन.

"अरे, उलटी प्रदक्षिणा घालतोस?"

झाड डावीकडे होतं. तिला सांगितलं की दोन्ही बाजूंनी चालतात, दिशा बदलणं हाच खरा भाग. तिला पटलं नाही. मग म्हणाली, "आणि पाय घासत काय चालतोस, चपला झिजतील."

फोन ठेवल्यावर कापडी जोडे उलटे करून पाहिले. डाव्याचा तळ सारखा घासलेला. उजव्याची करंगळीकडची कड पार झिजून कापडाचे थर उघडे पडलेत, अंगठ्याखाली शिवणीचा दोरा अजून पांढरा. उद्या नवी जोडी आणायची. जुनी पिशवीत घालून वेगळी ठेवलीय, पुण्याला न्यायला.